भीतीची भटकंती: फोबिया स्पेशल, नगर एडिशन!

माहीत आहे का, ग्रीक पुराणात भीतीचाही एक देव आहे? नाव फोबॉस! ‘फोबिया’ हा शब्द याच घराण्यातला. मंगळाच्या एका चंद्राचं नावही फोबॉसच. तो सापडला १८७७ साली. चला तर, अहिल्यानगर जिल्ह्यात फोबियाचा एक झटपट राऊंड मारू!

अ‍ॅक्रोफोबिया: उंचीची भीती. अकोले तालुक्यातलं कळसूबाई म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, उंची १६४६ मीटर! वाटेत उभ्या कातळाला लोखंडी शिड्या लावल्यात. हात कठड्यावर, नजर वर आणि जीव? मुठीत!

क्लॉस्ट्रोफोबिया: बंदिस्त जागेची भीती. साम्रदच्या सांदण दरीत दोन्ही बाजूंना उंचच उंच कातळभिंती. काही ठिकाणी वाट इतकी चिंचोळी की ऊनसुद्धा आत शिरताना अंग चोरतं!

क्लेप्टोफोबिया: चोरीची भीती. शनिशिंगणापुरात मात्र तिची सुट्टी! परंपरेने इथल्या घरांना चौकट असते, कवाड नसतं. आडोशाला फार तर पडदा. २०११ मध्ये युको बँकेने इथे चक्क बिनकुलपाची शाखा उघडली. गावाची श्रद्धा साधी: चोराला शनिदेवाची भीती, मग आपल्याला चोराची कशाला?

हायड्रोफोबिया: पाण्याची भीती. माहीत आहे का, हे रेबीजचं जुनं नाव आहे? या रोगात पाणी गिळायला गेलं की घशाचे स्नायू आवळतात, म्हणून रुग्ण पाण्याला बिचकतो. कुत्रा चावला तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच लस गाठा. इथे घाबरण्यापेक्षा घाई कामाची!

आणि उसातला बिबट्या? संगमनेर-राहुरीकडे ऊस म्हणजे बिबट्याचं हक्काचं घर. दाट आडोसा, जवळ पाणी. मादी पिल्लंही तिथेच घालते. ऊसतोडीच्या वेळी पिल्लं सापडतात आणि वन विभाग त्यांची आईशी भेट घडवतो. रात्री बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याची भीती हा फोबिया नाही, ते शहाणपण आहे!

फरक इथेच आहे, बॉस! धोका चिमूटभर आणि धास्ती पोतंभर, तीही महिनोन्‌महिने हटत नाही, तो फोबिया. खुशखबर अशी की तो उपचारांनी आटोक्यात येतो. तज्ज्ञ भीतीशी हळूहळू, पायरी-पायरीने गाठ घालून देतात.

घरात कुणी लिफ्टला, सुईला किंवा झुरळाला थरथरत असेल, तर टिंगल नको. ‘टेली-मानस’ची मोफत हेल्पलाइन २४ तास सुरू असते. नंबर आत्ताच सेव्ह करा: १४४१६!