परत आलेल्या पार्सलांचं वर्ष

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीत बाहेरचा माणूस येतो तो बहुतेक केदारेश्वरासाठी. चालुक्यकालीन मंदिर, भिंतीवरच्या सुरसुंदरी, जवळचा किल्ला बघतो, फोटो काढतो आणि परळीकडे नाही तर अंबाजोगाईकडे वळतो. गावातल्या मालाचीही वाट पूर्वापार हीच. आधी परळी-अंबाजोगाईचा बाजार, तिथला व्यापारी, त्याची अडत, आणि मग पुढचं जग. ऑनलाइन विक्रीने मधला माणूस काढून टाकला, हे आपण गेली दहा वर्षं ऐकत आलोय. २०२५ संपताना वही उघडून बसलं की दिसतं, मधला माणूस कुठेही गेलेला नाही. तो फक्त समोर बसत नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडता येत नाही.

आणखी एक गोष्ट दिसते. वर्षभर सगळ्यांनी विकलं किती हे मोजलं. वर्षाचा निकाल मात्र परत काय आलं यावर लागला.

आधी हिशेबच मांडू. आकडे धरून चालायचे आहेत, पण या धंद्यातल्या कुणालाही ते अनोळखी वाटणार नाहीत. समजा, धर्मापुरीतल्या एका घरातून जवसाची आणि कारळाची चटणी, शेंगदाण्याचं कूट असा जोड पुडा २९९ रुपयांना विकला जातो. माल आणि मजुरी १२०, पिशवी-खोकं-टेप २०, पाठवणावळ ७०. हातात राहिले ८९ रुपये. आता गिऱ्हाईक कॅश ऑन डिलिव्हरीवाला आहे. पार्सल दारात पोचलं तेव्हा तो घरी नव्हता, फोन उचलला नाही, किंवा मधल्या चार दिवसांत त्याचा मूड गेला. पार्सल माघारी. परतीचे ६० धरा. खोकं परत येतं तेव्हा त्याचा एक कोपरा चेपलेला असतो, जवसाचं तेल पिशवीबाहेर झिरपून लेबलवर उतरलेलं असतं आणि पत्त्यातला पिनकोड तेवढा वाचता येतो. साडी परत आली तर घडी घालून पुन्हा विकता येते. चटणी शेजारी वाटायची. म्हणजे १२० अधिक २० अधिक ७० अधिक ६०, एकूण २७० रुपये गेले. तीन पुड्यांची कमाई एका परतीने खाल्ली.

हेच शंभर ऑर्डरींवर मांडून बघा. वीस परत आल्या तर ऐंशींच्या ७,१२० रुपयांतून ५,४०० वजा जाऊन उरतात १,७२०. पंचवीस परत आल्या की ६,६७५ मिळाले आणि ६,७५० गेले. पंचाहत्तर गिऱ्हाइकं समाधानी, सगळे तारे पाचापैकी पाच, आणि घरात पंचाहत्तर रुपयांचा तोटा. मोबाइलवरचा डॅशबोर्ड मात्र ‘१०० ऑर्डर’ असा हिरवा आकडा दाखवून अभिनंदन करत असतो.

हा हिशेब डोक्यात ठेवला की वर्षभरातल्या मोठ्या घोषणांकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. ७ एप्रिलपासून ॲमेझॉनने ३०० रुपयांखालच्या सव्वा कोटीच्या आसपास वस्तूंवरची रेफरल फी, म्हणजे विक्रीवरचं कमिशन, काढून टाकली. नोव्हेंबरमध्ये फ्लिपकार्टने हजार रुपयांखालच्या मालावर कमिशन शून्य केलं. मीशो तर २०२१ पासूनच शून्य कमिशनवर चालते. ती कंपनी १० डिसेंबरला शेअर बाजारात आली आणि १११ रुपयांचा शेअर १६२ रुपये ५० पैशांवर उघडला. लहान गावातल्या लहान विक्रेत्यांच्या जिवावर केवढा धंदा उभा राहू शकतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. विक्रेत्याच्या वहीत कमिशन ही तशीही लहान ओळ होती. पाठवणावळ, परती आणि जाहिरात या तीन ओळी जिथल्या तिथे आहेत, आणि त्यांतल्या दोन तर कमिशन गेल्यावर प्लॅटफॉर्मच्या कमाईच्याच जागा आहेत. शून्य कमिशन हा धर्मादाय नाही एवढं समजून घेतलं तरी पुरे.

जाहिरातीचं तर बीड जिल्ह्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. नव्या विक्रेत्याला प्लॅटफॉर्म सुरुवातीला काही रुपयांची जाहिरात फुकट देतो. ती उचल असते. ऊसतोडीच्या मुकादमाने दसऱ्याआधी हातावर ठेवलेल्या उचलीसारखीच ती घेताना गोड लागते आणि कोयता मात्र हंगाम संपेपर्यंत चालवावा लागतो. एकदा जाहिरातीवर माल खपायला लागला की ती बंद केल्याच्या तिसऱ्या दिवशी ऑर्डरी थांबतात. मग विक्री टिकवायला जाहिरात, जाहिरात भागवायला विक्री. हे चाक कुठे थांबवायचं ते आधीच ठरवून ठेवलेला विक्रेता विरळा.

वर्षाचा खरा कस लागला सप्टेंबरात. पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार हे जाहीर झालं आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले. मधले पाच आठवडे ‘थोडं थांबू, स्वस्त होईल’ या विचाराने अनेक खरेद्या अडून राहिल्या. घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना बदल चांगलाच होता. पाकीटबंद चिवडा-शेव आणि लोणची १२ टक्क्यांवरून ५ वर आली, पापडाला आधीही शून्यच होता. माझ्या मते सगळ्यात कामाची सवलत कुणाच्या फारशी बोलण्यात आली नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यांवरचा करही १२ वरून ५ झाला. जो माल पाठवतो त्याला खोकं लागतंच, मग आत चटणी असो की चप्पल.

पण त्याच आठवड्यात मराठवाड्यावर आभाळ फाटलं. बीड, धाराशिव, सोलापूरच्या नद्या पात्र सोडून शेतात शिरल्या, सोयाबीन आणि कापूस पाण्यात उभे राहिले, कुठे रस्ते तुटले, कुठे पूल. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. शेतकऱ्याच्या नुकसानीपुढे पार्सलवाल्याचं नुकसान सांगणंही बरं दिसत नाही. पण गावात हे दोघं बहुतेक वेळा एकाच घरात राहतात. वर्षातला सगळ्यात मोठा सेल, करकपात आणि अतिवृष्टी एकाच वेळी आली, आणि प्लॅटफॉर्मच्या नियमात ‘गावचा रस्ता वाहून गेला’ असा रकाना नसतो. वेळेत माल दिला नाही की विक्रेत्याचं गुणांकन घसरतं, ते का घसरलं हे विचारायला यंत्र बसलेलं नाही.

सीताफळाचा हंगामही नेमका हाच. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बालाघाटाच्या डोंगरातलं हे फळ चवीला कुणाला हार जाणार नाही, पण पिकलं की दोन-तीन दिवसांचा सोबती. ऑनलाइन विकायला याहून अवघड वस्तू शोधून सापडायची नाही. मानांकनाने नाव मिळतं, शीतसाखळी मिळत नाही. ज्यांनी गर काढून गोठवून विकायचं मनावर घेतलं त्यांची वाट निराळी. अख्खं फळ कुरिअरने पाठवायची स्वप्नं यंदाच्या पावसात विरघळली असतील तर वाईट वाटून घेऊ नये.

फराळाची गोष्ट याहून बोचरी. दिवाळीआधी दोन महिने अमेरिकेतल्या लेकीसुनांना फराळ पाठवणं हा आता महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बचत गटांचा आणि घरगुती उद्योगांचा हक्काचा हंगाम झालाय. यंदा अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी २९ ऑगस्टपासून काढली, त्याआधी दोन दिवस भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सलं घेणं बंद केलं. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू तेवढ्या चालू होत्या, महिना संपता संपता त्याही थांबल्या. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, आणि वसुबारस होती १७ ला! त्यानंतर निघालेला चिवडा तुळशीच्या लग्नापर्यंत पोचला तरी नशीब. शिवाय तेव्हा जाहीर किमतीच्या निम्मा कर इथेच, आधी भरावा लागला. खासगी कुरिअर चालू होती, पण त्यांचा दर फराळाच्या किमतीवर मात करतो. करंजी वॉशिंग्टनच्या धोरणावर अवलंबून असते हे यंदा कळलं.

टपालावरून आठवलं. १ सप्टेंबरपासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आणि १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टचे दर बदलले, ओटीपी सांगून पार्सल ताब्यात घ्यायची सोय आली. ज्या वस्तीवर कुरिअरचा पोऱ्या ‘पत्ता सापडला नाही’ असं लिहून तालुक्यावरूनच परत फिरतो, तिथे पोस्टमनच जातो. परतीचा आकडा खाली आणायचा असेल तर विक्रेत्याने या जुन्या खात्याकडे पुन्हा बघावं, असं माझं मत आहे. ओटीपी मागितला की गिऱ्हाइकालाही ऑर्डर आपणच दिली होती हे आठवतं.

करांच्या कागदपत्रांत एक गंमत आहे, ती सीमेजवळच्यांनाच कळेल. धर्मापुरीहून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. पण २०२३ च्या ऑक्टोबरपासून लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय ऑनलाइन विकण्याची जी सूट मिळाली, ती राज्यातल्या राज्यात. ४० लाखांखाली उलाढाल असली तरी प्लॅटफॉर्मवरून हैदराबादची एक ऑर्डर घ्यायची तर नोंदणी हवी. यंदा १ नोव्हेंबरपासून लहान करदात्यांना तीन कामकाजाच्या दिवसांत नोंदणी मिळण्याची सोपी वाट निघाली. ती घ्यावी. नोंदणी टाळण्याची शक्कल किती दिवस चालते ते जुलैत बंगळुरूच्या फळभाजीवाल्यांनी आणि बेकरीवाल्यांनी भोगलं. यूपीआयच्या नोंदी बघून कर खात्याच्या नोटिसा आल्या आणि दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. ज्या ऑगस्टमध्ये देशभरात यूपीआयचे व्यवहार महिन्याला दोन हजार कोटींच्या वर गेले, त्याच्या महिनाभर आधी हे झालं. क्यूआर कोड चिकटवला की उलाढाल लपवायची सोय संपली, एवढं धरून चालावं.

परत येऊच शकणार नाही असा माल विकणारे मात्र या वर्षात वेगळ्या पेचात आहेत. आपल्याच जिल्ह्यातले, आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत हे त्याचं ठळक उदाहरण. दहावीनंतर आयटीआय, पुण्यात इन्फोसिसमध्ये महिना ९,००० रुपयांवर ऑफिस बॉयचं काम, तिथे पाहिलेल्या कॉम्प्युटरच्या ओढीने ग्राफिक्स आणि ॲनिमेशनचं शिक्षण, २०१५ मध्ये स्वतःची नाइन्थ मोशन. टाळेबंदीत गावी परतले तेव्हा टेकडीवरच्या गुरांच्या गोठ्यात त्यांनी कामाची जागा थाटली. पुढे डूग्राफिक्स उभं केलं, ‘शार्क टँक इंडिया’त अमन गुप्ता यांनी दहा टक्क्यांसाठी एक कोटी देऊ केले. ही गोष्ट समाजमाध्यमांवर गोठ्याभोवतीच फिरत राहते. मला त्यातला माल जास्त महत्त्वाचा वाटतो. डिझाइनचं टेम्प्लेट एकदा बनवलं की हजारदा विकता येतं, त्याला खोकं नाही, टेप नाही, चेपलेला कोपरा नाही. बीडच्या खेड्यातून विकण्यासारखं याहून शहाणपणाचं काही नव्हतं.

आता त्याच मालाच्या मुळाशी घाव बसतोय. यंदा मार्चमध्ये लोकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून स्वतःचे फोटो ॲनिमेशन चित्रपटातल्यासारखे रंगवून घेतले, सप्टेंबरात साडीतल्या चित्रांची लाट आली, आणि लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, वाढदिवसाचा फलक हे सगळं एका वाक्यात तयार होऊ लागलं. तयार साच्याला पैसे कोण देणार, हा प्रश्न टेम्प्लेट विकणाऱ्या जगभरातल्या सगळ्यांपुढे आहे. त्यांतले जे मराठी अक्षरांची नीट जोडाक्षरं, इथले सण, इथल्या लग्नांच्या रीती धरून राहतील त्यांना काही वर्षं मिळतील, असा माझा अंदाज. यंत्राने लिहिलेलं ‘शुभविवाह’ अजूनही वरचेवर मोडकंच निघतं.

जिल्ह्याच्या नावाबद्दलही लिहायला हवं. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीला आड आल्यामुळे ती झाली, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. २०२५ भर बीडचं नाव त्याच संदर्भात छापून येत राहिलं. धंद्याच्या मागोव्यात हे टाळता येत नाही, कारण दुकानाचं शटर रस्त्याकडे तोंड करून उघडायला इथले तरुण कचरतात त्यामागे खंडणीचीही भीती आहे, असं मला वाटतं. घरातून पार्सल पाठवणारा तेवढ्यापुरता सुटतो. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे आली हे त्याच वर्षातलं चांगलं. तीच लोहमार्गाची रेघ परळीपर्यंत यायची बाकी आहे, तोवर धर्मापुरीची खोकी रस्त्यानेच जाणार.

संक्रांत जानेवारीच्या मध्यात येते. तिळगूळ, तिळाच्या वड्या आणि वाणाच्या वस्तूंच्या ऑर्डरी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच यायला लागतात, आणि वड्या चटणीपेक्षा लवकर फुटतात. कॅश ऑन डिलिव्हरीचा पर्याय बंद केला तर ऑर्डरी कमी होतील, चालू ठेवला तर पंचवीसचा आकडा डोळ्यासमोर ठेवून वड्या पाठवाव्या लागतील. मी असतो तर निदान पहिल्यांदा घेणाऱ्याकडून पन्नास रुपये आगाऊ घेतले असते.