विजयानंदातील ब्राउनिंग आणि आजचे पिस्तूल

21 डिसेंबर 1909 च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, मुंबईस बदलीचा हुकूम झालेल्या कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपाप्रीत्यर्थ ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग योजिला असता, औरंगाबादेस शिकणाऱ्या अनंत लक्ष्मण कान्हेरे या कोवळ्या तरुणाने ज्या पिस्तुलाने त्यांचा वध केला, ते सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून धाडलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एक होते. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे हे तिघे 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. कान्हेऱ्यांचे नाव नाशिकच्या मोठ्या मैदानाला लाभले. परंतु त्या शस्त्राच्या रचनेकडे मात्र आपण जिज्ञासेने क्वचितच पाहिले.

रिव्हॉल्व्हरचे फिरते चक्र जाड असल्याने ते अंगावर लपविणे कठीण. ब्राउनिंगचे पिस्तूल चपटे, काडतुसे मुठीतच सामावलेली. अमेरिकन कारागीर जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी बेल्जियममधील हेर्स्टालच्या कारखान्यासाठी सिद्ध केलेला 1900 सालचा नमुना घ्या. त्यात 7.65 मिलिमीटरची सात काडतुसे बसत. निर्धूर दारूचा वायू गोळीला पुढे ढकलतो, त्याच क्षणी तो रिकाम्या पुंगळीला मागे रेटतो. त्या रेट्याने वरचा जड सरकता भाग मागे जाऊन पुंगळी बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या ताणाने परतताना मुठीतील नवे काडतूस नळीत सारतो. भरण्याचे काम यंत्राचे, पण प्रत्येक गोळीसाठी चाप ओढण्याचे काम माणसाचे, म्हणूनच हे अर्धस्वयंचलित. या रचनेला एक मर्यादा होती : मागे येणाऱ्या रेट्याला केवळ त्या भागाचे वजन आणि स्प्रिंग एवढाच आवर असल्याने जोरकस काडतूस तिला पेलत नसे.

तो अडसर दूर केला तोही ब्राउनिंग यांनीच. त्यांच्या दुसऱ्या रचनेत गोळी नळीबाहेर पडून दाब उतरेपर्यंत नळी व सरकता भाग एकमेकांत अडकून राहतात, आणि नंतर नळी किंचित कलून त्यांची गाठ सुटते. 1926 साली ते निवर्तल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले पिस्तूल हेर्स्टालच्याच कारखान्यातील रचनाकार सेव्ह यांनी पुरे केले. 1935 सालच्या त्या नमुन्यात 9 मिलिमीटरची तेरा काडतुसे दोन रांगांत बसली. इशापूरच्या कारखान्यात आपल्या सैन्यासाठी व पोलिसांसाठी घडणारे 9 मिलिमीटरचे पिस्तूल याच वंशातले. पुढे 1980 नंतर ऑस्ट्रियाच्या ग्लॉक यांनी सांगाडा कृत्रिम द्रव्याचा केला व सतरा काडतुसे बसविली. तरीही रिकाम्या पिस्तुलाचे वजन 1900 च्या ब्राउनिंगइतकेच, सुमारे सव्वासहाशे ग्रॅम राहिले. गाठ सुटण्याची युक्ती मात्र मूळचीच.

काडतुसांची संख्या वाढली, गोळीची शक्ती दुपटीहून अधिक झाली, हे खरे. परंतु मला खरी प्रगती दिसते ती अन्यत्र. जुन्या पिस्तुलाची सुरक्षा अंगठ्याने लावावयाच्या एका खटक्यावर अवलंबून होती, आणि तो लावण्याचे विसरले तर वापरणाऱ्याचाच घात होण्याची भीती. ग्लॉकसारख्या पिस्तुलात अनेक अंतर्गत अडसर असून चाप पूर्ण ओढल्याविना ते उघडत नाहीत. त्यामुळे पिस्तूल हातातून निसटून भुईवर आदळले तरी ते स्वतः होऊन उडू नये अशी तजवीज आहे. मारण्याच्या सामर्थ्यापेक्षा न मारण्याची ही खबरदारी मला अधिक मोलाची वाटते.

जुन्या ब्राउनिंगशी नाते मात्र तुटलेले नाही : 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार नागरिकास जे .32 पिस्तूल परवान्यावर मिळते, त्यात आजही ब्राउनिंग यांचे तेच 7.65 मिलिमीटरचे काडतूस भरतात.