‘एवढेही येत नाही?’

समजा, नववीतल्या एका मुलीने पायथन या संगणकभाषेत बेरजेचा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. कळफलकावरून ५ आणि ७ दिले, तर पडद्यावर उमटले ५७! गोंधळून तिने इंटरनेटवरील जाणकार मंडळींना विचारले, ‘‘माझा प्रोग्रॅम चुकतो आहे, का?’’ उत्तर आले, ‘‘आधी पुस्तक वाच. इनपुट म्हणजे स्ट्रिंग असते, एवढेही येत नसेल तर हा नाद सोड.’’

पुष्कळ मुले येथेच प्रश्न विचारणे थांबवतात. शिक्षकांनी अशा वेळी काय करावे?

प्रयोगशाळेतल्या मिश्रणाप्रमाणे या उत्तराचे घटक वेगळे करू या. ‘नाद सोड’ हे झाले मुलीविषयीचे मत. एका ओळीच्या प्रश्नावरून कोणाची कुवत ठरत नाही, तेव्हा या मताला पुरावा नाही. ते बाजूला ठेवावे. उरते ती माहिती, आणि ती अगदी बरोबर आहे. कळफलकावरून आलेले ५ हे पायथन संख्या मानत नाही, अक्षर मानते. अक्षरांच्या अशा माळेला स्ट्रिंग म्हणतात. दोन स्ट्रिंगांमध्ये अधिक चिन्ह आले की त्या एकमेकींना जोडल्या जातात. ५ आणि ७ ची पत्ती शेजारी शेजारी ठेवावीत, तसे! ‘इंट’ ही आज्ञा वापरून दोन्हींचे आधी पूर्णांक केले की उत्तर १२ येते.

तेव्हा मुलीने टोमण्याला उत्तर न देता माहितीला उत्तर द्यावे : ‘‘आभारी आहे. इंट वापरून पाहिले, आता १२ आले.’’ असे लिहिणे म्हणजे नमते घेणे नव्हे. उद्या हीच अडचण घेऊन येणाऱ्या दुसऱ्या कोणाला नेमका उपाय सापडतो. मात्र उत्तरात निव्वळ शिवीगाळच असेल, तर वाद न घालता संचालकांना कळवावे आणि दुसरीकडे विचारावे.

हा तुसडेपणा येतो कोठून? उत्तरे देणारे बहुतेक जण विनामोबदला काम करतात, आणि तोच प्रश्न त्यांनी शेकडो वेळा पाहिलेला असतो. जुन्या यूजनेटवर दर सप्टेंबरात अमेरिकेतील महाविद्यालयांचे नवे विद्यार्थी येत आणि जुनी मंडळी वैतागत. १९९३ पासून नवख्यांचा ओघ आटेचना, म्हणून त्या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ असेच नाव पडले. २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने तर, आपल्याकडे नवख्यांचे नीट स्वागत होत नाही, अशी कबुली एप्रिल २०१८ मध्ये जाहीरपणे दिली आणि त्याच वर्षी नवी आचारसंहिता लागू केली. वैताग समजू शकतो. पण आमच्या मते वेळ नसेल तर गप्प राहण्याची सोय प्रत्येकालाच असते.

प्रश्नाची बाजूही पाहायला हवी. ‘चुकतो आहे’ हे डॉक्टरांना ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगण्यासारखे झाले. काय दिले, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय आले आणि प्रोग्रॅमचा चूक दाखवणारा लहानात लहान तुकडा, एवढे लिहिले की उत्तर देणाऱ्याचे निम्मे काम होते. कित्येकदा लिहितानाच चूक सापडते. १९९९ च्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या पुस्तकात टेबलावरच्या रबरी बदकाला प्रोग्रॅम ओळीओळीने समजावून सांगण्याची युक्ती दिली आहे. बदक टोमणे मारत नाही, हा जादा फायदा!

न्यूयॉर्कच्या रिकर्स सेंटर या प्रोग्रॅमिंग शिकण्याच्या ठिकाणी एक नियम आहे : खोटे आश्चर्य दाखवायचे नाही. ‘‘काय, तुला हे माहीत नाही?’’ या वाक्याने शिकणाऱ्याला नवे काहीच कळत नाही, बोलणारा तेवढा मोठा ठरतो. हे वाक्य आपल्या वर्गांतून आणि आमच्या चर्चासत्रांतूनही सर्रास ऐकू येते. संगणकाच्या तासाला हा नियम फळ्यावर लिहून महिनाभर पाळून पाहावा, आणि या काळात किती मुलांनी पहिल्यांदाच हात वर केला, याची नोंद ठेवावी.