तीनचाकी मोटारसायकल आणि एंजिनाची वाढीव शक्ति



मुंबईहून पश्चिम रेल्वेनें उत्तरेकडे निघालें, कीं पालघरच्या अलीकडे केळवे रोड हें स्टेशन लागतें. तेथून केळव्याचा समुद्रकिनारा आणखी कांहीं मैल दूर आहे. शितळादेवीच्या दर्शनास किंवा सुरूच्या सावलींत विसांवा घेण्यास येणाऱ्या पाहुण्यांना तीनचाकी रिक्षा तेथवर पोंचवितात. मोटारसायकलवरून लांबचा पल्ला गांठणारे हौशी लोकही ह्या किनाऱ्यावर येतात आणि त्यांच्यापैकीं कांहींना तीनचाकी मोटारसायकलीचें मोठें आकर्षण असतें. रिक्षा कष्टाळू व ही गाडी ऐटबाज; परंतु दोघींचें कूळ एकच आहे. पुढें एक चाक, मागें दोन, आणि मोटारसायकलच्या जातीचें एंजिन. हें एंजिन अधिक जोरकस कसें करतात आणि तसें केल्यानें काय पदरीं पडतें, ह्याचा आज आपणांस विचार करावयाचा आहे.

अमेरिकेंतील हार्ले-डेव्हिडसन कंपनीनें १९३२ सालीं ‘सर्व्हि-कार’ नांवाची तीनचाकी काढली. तिचें एंजिन सुमारें ७४० घनसेंटिमीटरांचें होतें, आणि ती १९७३ पर्यंत तयार होत असे. त्याच कंपनीच्या ‘ट्राय ग्लाइड’ ह्या लांबच्या प्रवासाच्या गाडीचें एंजिन प्रारंभीं १७०० घनसेंटिमीटरांच्या आसपास होतें, आणि वजन साडेपांचशें किलोग्रॅमच्या घरांत. उलट आपल्या पुष्कळ रिक्षांचें एंजिन अवघें दोनशें घनसेंटिमीटरांच्या आसपास असूनही चालकासह चार माणसें ओढतें. मग मोठ्या गाडीला एवढी शक्ति कशाला लागते? ती लागते मुख्यतः वेगासाठीं. हवेचा अडथळा तोडण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ६० किलोमीटरांचा वेग ८० वर नेला, तर वेग एकतृतीयांशानें वाढतो. परंतु हवेशीं झुंजण्यास सुमारें २.४ पट शक्ति खर्चावी लागते. दोन चाकांची गाडी तीन चाकांची केली कीं तिचें वजन वाढतें, रुंदीही वाढते, आणि पूर्वीं पुरेसें वाटणारें एंजिन चढणीवर धापा टाकूं लागतें.

एंजिनाचा व्यवहार श्वासोच्छ्वासासारखा आहे. एक भाग पेट्रोल पूर्णपणें जाळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. अर्थात् नुसतें पेट्रोल अधिक ओतून जोर वाढत नाहीं. अधिक हवा आंत गेली पाहिजे आणि जळालेला वायु त्वरित बाहेर पडला पाहिजे. कारागिरांचे सारे उपाय ह्या एकाच तत्त्वावर उभे आहेत.

पहिला उपाय हवेची गाळणी मोकळी करण्याचा आणि धूर सोडणारी नळी कमी अडथळ्याची बसविण्याचा. त्याबरोबर इंधनाचें मापही नव्यानें जुळवावें लागतें. नाहीं तर मिश्रण विरळ होऊन एंजिन तापतें. केळव्यासारख्या किनाऱ्यावर येथें विशेष जपावें. वाळूचा बारीक कण गाळणींतून सुटून आंत गेला, तर सिलिंडर व दट्ट्या ह्यांच्यामध्यें तो कानशीसारखें काम करतो. जी गाळणी धूळ अडवीत नाहीं, तिनें मिळविलेला जोर अल्पायुषी ठरतो.

दुसरा उपाय झडपा उघडणारा दांडा बदलून त्या अधिक उंच किंवा अधिक वेळ उघड्या ठेवण्याचा. जलद फिरणाऱ्या एंजिनाला ह्यानें लाभ होतो. पण संथ गतींतील ओढ बहुधा घटते, आणि जड गाडीला नेमकी तीच ओढ हवी असते. तिसरा उपाय सिलिंडर रुंद करण्याचा. व्यास दहा टक्के वाढविला, कीं आकारमान एकवीस टक्क्यांनीं वाढतें. परंतु भिंती पातळ होतात आणि उष्णताही वाढते. चौथा उपाय मिश्रण अधिक दाबण्याचा. दाब प्रमाणाबाहेर गेला, कीं मिश्रण अवेळीं पेटून आंत ठोके पडूं लागतात, आणि दट्ट्याला भोंक पडण्यापर्यंत पाळी येते.

म्हणूनच जाणता कारागीर प्रथम एंजिन उघडीत नाहीं. तो दंतचक्रांचें प्रमाण पाहतो. मागील चाकांना शक्ति पोंचविणारें शेवटचें प्रमाण बदललें, तर त्याच एंजिनाची ओढ वाढते. कमाल वेग थोडा उतरतो, पण प्रवासाला तो सौदा महाग पडत नाहीं.

दिल्लीचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानें काढून टाकलेल्या मोटारसायकलींना मागें दोन चाकें व बांकडीं जोडून तेथें ‘फटफटी’ नांवाचीं वाहनें चालूं लागलीं. पुढें त्यांपैकीं अनेकींचीं मूळ एंजिनें जाऊन डिझेलचीं बसलीं. मालकांना वेग नको होता. स्वस्त ओढ हवी होती, आणि ती मिळाली. परंतु धूर व गोंगाट ह्यांचा हिशेब कोणींच मांडला नाहीं, आणि १९९८ च्या सुमारास प्रदूषणापायीं हीं वाहनें रस्त्यावरून उठलीं.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र प्राणांचा आहे. दुचाकीचा स्वार वळणावर आंतल्या बाजूस कलून तोल सांभाळतो. तीनचाकी कलत नाहीं. पुढें एकच चाक असल्यामुळें वेगानें वळतांना ती बाहेरच्या बाजूस उलटूं पाहते, आणि हा उलटविणारा जोर वेगाच्या वर्गानें वाढतो. गाडी थांबवितांना ब्रेकला गिळावी लागणारी शक्तिही त्याच हिशेबानें वाढते. ६० वरून ८० वर गेल्यास जवळजवळ १.८ पट. तेव्हां ज्यानें एंजिन सुधारलें आणि ब्रेक, क्लच, टायर व सांगाडा तसाच ठेवला, त्यानें गाडी सुधारली नाहीं, तिचा समतोल बिघडविला.

कायद्याचें म्हणणेंही ह्याहून वेगळें नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपुस्तकांतील मूळ तपशिलांशीं विसंगत ठरेल असा बदल करूं देत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हाच अर्थ कायम केला. एंजिन बदलावयाचें असल्यास नोंदणी अधिकाऱ्याची संमति आधीं घ्यावी.

सारांश, आपणांस वेग हवा कीं ओढ, हें प्रथम ठरवावें. मग दंतचक्रें, त्यानंतर गाळणी व नळी, आणि सर्वांच्या शेवटीं सिलिंडर. प्रत्येक पायरीवर ब्रेकची परीक्षा घ्यावी. शक्ति वाढविणें कारागिराच्या हातीं आहे. ती आवरतां येईल एवढीच वाढविणें मालकाच्या शहाणपणावर अवलंबून आहे.