बंपरचा पोचा आणि उकळते पाणी

पूर्वी मोटारीचा बंपर म्हणजे चकाकणारी लोखंडी पट्टी असे. तिला पोचा आला की डेंटरच्या हातोडीवाचून इलाज नसे. आजच्या बहुतेक मोटारींचा बंपर मात्र बाहेरून प्लास्टिकचा असतो. गाडी मागे घेताना खांबाला टेकली तरी तो आत दबतो. असा बंपर पुष्कळदा घरच्या घरी, केवळ उकळत्या पाण्याने सरळ करता येतो.

हे घडते कसे? प्लास्टिकचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक लाखेसारखे : तापले की मऊ, निवले की घट्ट, पुन्हा तापवले की पुन्हा मऊ. दुसरे भाजलेल्या मडक्यासारखे : एकदा पक्के झाले की त्याची पुन्हा माती होत नाही. कुकरच्या मुठीचे बेकलाइट या दुसऱ्या जातीचे. बंपर बहुधा पहिल्या जातीच्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये रबर मिसळून बनवितात. हे पॉलिप्रॉपिलीन घट्ट स्वरूपात मिळविणारे इटलीचे जूलिओ नात्ता यांना १९६३ साली कार्ल त्सीग्लर यांच्यासमवेत रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते, तर पाणी १०० अंशांना उकळते. म्हणून उकळत्या पाण्याने बंपर वितळत नाही, फक्त नरम पडतो. आपल्याला तेवढेच हवे असते.

आता प्रत्यक्ष कृती. इंजिन बंद करून गाडी निवू द्यावी. पोचा आलेली जागा धुऊन घ्यावी, नाहीतर धुळीच्या कणांनी रंगावर ओरखडे उठतात. बंपरला तडा गेला आहे का, हेही पाहावे. तडा पाण्याने सांधत नाही. मग तीन-चार लिटर पाणी खळखळून उकळावे आणि पोच्यावर कडेपासून मध्याकडे सावकाश ओतावे. मुलांना लांब ठेवावे. लगेच जाड हातमोजे घालून आतल्या बाजूने हात घालावा व पोचा बाहेर ढकलावा. हात पोचत नसेल, तर मोरी साफ करण्याचा रबरी पंप बाहेरून ओला करून चिकटवावा आणि ओढावा. आकार आला की ताबडतोब थंड पाणी ओतावे, म्हणजे तो तसाच राहतो. एका खेपेस न साधल्यास दोन-तीनदा करावे. स्टोव्ह किंवा ज्योत मात्र जवळ नेऊ नये; रंगाला फोड येतात आणि प्लास्टिकही पेट घेते. मुडपून तीक्ष्ण चुणी पडली असेल, तर तिची खूण थोडीफार उरतेच.

माझे वडील टॅक्सी चालवितात. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. टॅक्सी एक दिवस दुरुस्तीला उभी राहिली, तर त्या दिवसाचा धंदा बुडतो. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा घरात किटलीभर पाण्याची किंमत निराळी असते.

तरीही एक गोष्ट विसरू नये. प्लास्टिक हे केवळ वरचे आवरण. धक्का सोसणारी पट्टी त्याच्या आत असते. आवरण सरळ होऊन गाडी नव्यासारखी दिसली, तरी आतली पट्टी वाकलेली असू शकते, आणि पुढच्या धक्क्यात तिच्यावरच माणसाचा जीव अवलंबून असतो. म्हणून टक्कर जोराची असेल, तर पोचा निघाला तरी गाडी मेकॅनिकला दाखवावीच. पाणी कोठपर्यंत पुरे पडते हे ओळखणे, हाही या कामातील कसबाचाच भाग आहे.

— द्वितीय वर्ष, कला