जुन्या संगणकावर लिनक्स टाकलं, पण वायफाय दिसत नाही?



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. गेवराईत काय किंवा आणखी कुठं काय, शाळेतले आणि घरातले जुने संगणक बहुतेक वेळा विंडोज ११ घेत नाहीत. ते भंगारात देण्यापेक्षा त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकणं केव्हाही बरं, सॉफ्टवेअरचा खर्च शून्य. पण टाकल्यावर पहिली अडचण येते ती वायफायची. डोंगल लावलाय, पण नेटवर्कची यादी रिकामी. "हे लिनक्स आपल्या कामाचं नाही" असं म्हणून लोक इथंच सोडून देतात.

आधी डोंगलच्या आतली चिप कोणती ते बघा. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. टीपी-लिंकचा डब्ल्यूएन७२२एन घ्या. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, ती लिनक्सवर लावली की चालते. दुसऱ्या आवृत्तीत रियलटेकची चिप आली. नाव तेच, आतला माल वेगळा! चिप ओळखायला टर्मिनल उघडून 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्या (इंग्रजी छोट्या अक्षरांत, सलग). यादीत डोंगलसमोर चार-चार अंकाक्षरांची जोडी दिसेल. ती इंटरनेटवर शोधली की चिप कळते.

आता लगेच कंपाइल करायला बसू नका. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि बहुतेक ड्रायव्हर त्यातच येतात. रियलटेकच्या बऱ्याच यूएसबी चिपांचे ड्रायव्हर २०२३ नंतरच्या कर्नलमध्ये आलेत, ८८२१एयू आणि ८८१२एयू यांचे तर २०२५ मध्ये. कर्नल नवीन केल्यानं काम होत असेल तर तेच करावं.

नाहीच झालं तर कंपाइल. म्हणजे काय, तर ड्रायव्हरचा सोर्स कोड हे कापड, आणि आपल्या कर्नलच्या मापानं ते शिवून घ्यायचं. माप म्हणजे 'कर्नल हेडर्स'. ते चालू कर्नलच्याच आवृत्तीचे लागतात, 'यूनेम', जागा, मग 'उणे आर' अशी आज्ञा दिली की आवृत्ती कळते. शिवणयंत्र म्हणजे 'बिल्ड-इसेन्शियल' हे पॅकेज.

पण हे सगळं उतरवायला नेट पाहिजे, आणि नेटसाठीच तर हा खटाटोप! त्याला सोपा उपाय आहे. मोबाईल चार्जिंगच्या केबलनं संगणकाला जोडा आणि मोबाईलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. शक्यतो ड्रायव्हर न टाकताच नेट येतं.

मग सोर्स कोडच्या फोल्डरमध्ये जाऊन 'मेक' आणि त्यानंतर 'सुडो मेक इन्स्टॉल'. जुन्या यंत्राला काही मिनिटं लागतात. 'मेक' चालू असताना लाईट गेली तर बहुधा काही बिघडत नाही, परत 'मेक' द्यायचं. कोड मात्र कुठूनही उचलू नका. ड्रायव्हर गाभ्यात बसतो, त्याला सगळे अधिकार मिळतात.

खरी गोम पुढे आहे. महिन्या-दोन महिन्यांनी अपडेट येतं, कर्नल बदलतं, माप बदलतं, आणि वायफाय पुन्हा गायब. तोपर्यंत ज्या सरांनी हे बसवलं त्यांची बदली झालेली असली तर संगणक पुन्हा कोपऱ्यात. म्हणून शाळेसाठी 'डीकेएमएस' वापराच असं माझं मत आहे. हा जणू घरचा शिंपी, नवीन कर्नल आलं की ड्रायव्हर आपोआप नव्यानं शिवून देतो. सोर्स कोडसोबत डीकेएमएसची सोय आहे का ते आधी बघा, नसेल तर दुसरा सोर्स शोधा. नवीन कर्नलचे हेडर्स तेवढे अपडेटबरोबर आले पाहिजेत.

एवढं करूनही 'की रिजेक्टेड' असा संदेश आला तर समजा बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू आहे. डीकेएमएस बसवताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो, तिथं 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा थोडाच वेळ थांबतो, तेव्हा रीस्टार्ट करून चहाला जाऊ नका.