गर्भाशयमुखाचा कर्करोग: लाज, लस आणि तपासणी

भारतात 2022 या एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 27 हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास 80 हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. या आजाराचं कारण माहीत आहे, त्यावर लस आहे आणि कर्करोग होण्याच्या कितीतरी वर्षं आधी त्याची चाहूल साध्या तपासणीत लागते. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांमागे जेमतेम दोघींची ही तपासणी एकदा तरी झालेली होती. पैसा, अंतर, सोयींचा अभाव ही कारणं आहेतच. पण शहरात शिकणाऱ्या, मोबाइलवर सगळं शोधणाऱ्या मुलीही या विषयापाशी अडखळतात. हा आजार ज्या विषाणूमुळे होतो तो शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून त्याविषयी नुसतं विचारलं तरी लोक आपल्याबद्दल काहीतरी समजतील, ही त्यांची धास्ती असते. बहुतेक गैरसमज या धास्तीतूनच उगवले आहेत.

सगळ्यात घट्ट बसलेला समज म्हणजे हा रोग ‘तसल्या’ बायकांना होतो. तो साफ चुकीचा आहे. ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, इतका सर्वत्र आहे की शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. त्यासाठी एक जोडीदार पुरतो. लग्नाच्या नवऱ्याखेरीज कुणाशीही संबंध न आलेल्या बाईलाही ती होऊ शकते. दहातल्या साधारण नऊ जणींच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो, त्यांना तो आला-गेला हेही कळत नाही. धोका असतो तो न जाता वर्षानुवर्षं ठाण मांडून बसणाऱ्या लागणीचा. त्यातही 16 आणि 18 हे दोन प्रकार जगातल्या सुमारे 70 टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांना जबाबदार आहेत. लागण झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत सहसा पंधरा-वीस वर्षं जातात. एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या स्त्रियांमध्ये हा काळ बराच कमी असतो.

यातूनच पुढची गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यापायी संसार मोडतात. एचपीव्हीचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे कर्करोग झाला असं नव्हे, आणि जोडीदाराने फसवलं असंही नव्हे. विषाणू कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. लागण कित्येक वर्षांपूर्वीची, लग्नाआधीची असू शकते. त्या कागदावरून नवऱ्याला किंवा बायकोला जाब विचारणं हा अन्याय आहे. अहवालाचा अर्थ इतकाच, की आता गर्भाशयमुख नीट पाहून घ्यायचं आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा यायचं.

“लस घ्यायची तर आधी आतून तपासतील,” या भीतीने अनेक अविवाहित मुली दवाखान्याची पायरी चढत नाहीत. लस दंडात टोचतात. त्यासाठी आतली तपासणी लागत नाही, एचपीव्हीची चाचणीही लागत नाही आणि संबंध आले आहेत का, याचा खुलासा कुणाला द्यावा लागत नाही. लस सर्वांत उपयोगी ठरते ती विषाणूशी गाठ पडण्याआधी, म्हणून 9 ते 14 हे वय निवडलं आहे. शिवाय त्या वयात शरीराचा प्रतिसादही जोरकस असतो. पण वीस-बावीसच्या मुलीला किंवा संबंध आलेल्या मुलीला तिचा उपयोग नाही, हे खरं नाही. लस विषाणूच्या ज्या प्रकारांपासून वाचवते, त्या सगळ्यांची लागण आधीच झालेली असणं दुर्मीळ असतं, त्यामुळे उरलेल्या प्रकारांपासून संरक्षण मिळतंच. फायदा वयानुसार कमी होतो आणि डोस वाढतात, एवढाच फरक.

“एवढ्याशा पोरीला ही लस दिली तर ती बिघडेल,” असं म्हणणारे आईवडील वाईट नसतात, घाबरलेले असतात. या शंकेवर वेगवेगळ्या देशांत अभ्यास झाले आहेत आणि लस घेतलेल्या मुलींचं वागणं त्यामुळे बदलल्याचं त्यांत दिसलेलं नाही. आपण बाळाला कावीळ बीची लस जन्मतःच देतो. तो विषाणूही शरीरसंबंधातून पसरतो, पण तेव्हा कुणाच्या मनात असा विचार येत नाही.

लसीमुळे वंध्यत्व येतं, हा समज जास्त पसरला आहे. लसीत जिवंत विषाणू नसतो, त्याची जनुकंही नसतात. फक्त बाहेरच्या कवचातलं प्रथिन असतं. त्यापासून संसर्गही होत नाही, कर्करोगही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या लस-सुरक्षा समितीने वेळोवेळी माहिती तपासली आहे आणि वंध्यत्वाशी संबंध आढळलेला नाही. दंड दुखणं, थोडा ताप, सुई टोचल्यावर भोवळ येणं असे त्रास होतात, म्हणून लशीनंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. गरोदरपणात मात्र ती देत नाहीत, बाळंतपणानंतर देतात.

या अविश्वासाला एक इतिहास आहे आणि तो झाकून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना ही लस देण्याचा एक प्रकल्प झाला. त्या काळात सात मुलींचा मृत्यू झाला. चौकशीत हे मृत्यू लसीमुळे झाल्याचं आढळलं नाही. पण अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या, आणि 2013 मध्ये संसदीय समितीने या प्रकल्पावर कडक ताशेरे ओढले. ते योग्यच होते. गरीब घरची मुलगी आहे म्हणून तिच्या आईला न विचारता सुई टोचायची, याला आरोग्यसेवा म्हणत नाहीत. लस सुरक्षित होती आणि ती देण्याची पद्धत चुकली होती, ही दोन्ही विधानं खरी आहेत.

त्या वादळात 2010 मध्ये देशातलं आणखी एक संशोधन थांबवावं लागलं. पुणे, बार्शी अशा अनेक ठिकाणी दोन आणि तीन डोसची तुलना सुरू होती. ती मध्येच थांबल्याने हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं, की 16 आणि 18 या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून एका डोसनेही जवळपास 95 टक्के संरक्षण दिलं होतं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 9 ते 20 वयासाठी एक डोसही पुरेसा ठरू शकतो असं सांगितलं, त्यामागच्या पुराव्यात आपल्या बार्शीचाही वाटा आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लसही 2023 मध्ये आली. आणि लस खरोखर कर्करोग टाळते का? स्वीडनमध्ये सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्यांत हा कर्करोग 88 टक्क्यांनी कमी आढळला.

मात्र लस घेतली म्हणून तपासणीतून सुटका नाही, कारण ती सगळ्या प्रकारांवर चालत नाही. निरोधही धोका कमी करतो, पूर्ण टाळत नाही. झाकल्या न गेलेल्या त्वचेतून विषाणू पसरतो. आणि “मला काही त्रासच नाही” हे तर तपासणी टाळण्याचं कारणच होऊ शकत नाही. ही तपासणी त्रास नसलेल्यांसाठीच असते. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त जाणं, दुर्गंधीयुक्त स्राव ही लक्षणं दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. तशी लक्षणं असतील तर वय न बघता डॉक्टरांकडे जायचं.

तपासणीने काय साधतं, हे महाराष्ट्राने जगाला दाखवलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार स्त्रियांचा अभ्यास झाला, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही चाचणीची सोय दिली गेली, तिथे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून तपासणी केली. या तपासणीत खराब भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. तिथे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

याच महाराष्ट्रात, बीड जिल्ह्यात, 2019 मध्ये सरकारी समितीला दिसलं की पाहणी केलेल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आहेत. अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं, आणि “पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल” ही भीती घातली जाते. पांढरं जाण्याचं कारण बहुतेक वेळा साधा, औषधांनी बरा होणारा संसर्ग असतो. कर्करोगापूर्वीचे बदल सापडले तरी बहुतेकदा तेवढाच भाग काही मिनिटांत गोठवून किंवा भाजून काढता येतो, गर्भाशय शाबूत राहतं, पुढे मूलही होतं. तपासणीचा अहवाल न दाखवता कुणी पिशवी काढायला सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच.

लसीसाठी मुलीला घेऊन येणारी आई बहुधा तिशी-चाळिशीतली असते, आणि तिची स्वतःची तपासणी कधीच झालेली नसते. सरकारी आरोग्य केंद्रांत तीस वर्षांपुढच्या स्त्रियांसाठी ही तपासणी मोफत आहे. आपल्या भागात कुठे होते, ते आशाताईंना विचारा. मुलीला लस द्यायला नेण्याचं ठरवाल, तेव्हा स्वतःच्या तपासणीचा दिवसही ठरवा.